मदत हवी आहे: एफवायची निम्मी पोरं नापास, सेमिस्टरला सहा आठवडे

बाष्पीभवन | मंगळवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. अंतर्गत परीक्षेचे पेपर आत्ता तपासून झाले. ९२ पैकी ५४ जणांना २० पैकी ८ सुद्धा नाहीत. प्राचार्यांनी शुक्रवारपर्यंत 'उपाययोजनेचा अहवाल' मागितलाय. जादा तास ठेवले तर सहा-सात जण येतात, तेही ज्यांना गरज नाही तेच. वर्गात "समजलं का?" म्हटलं की सगळ्या माना डोलतात. नोट्स दिल्या, पीपीटी दिली, व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाकले. आणखी काय करायचं? ज्यांनी कॉलेजात प्रत्यक्ष शिकवलंय त्यांनी सांगा. 'विषयाची गोडी लावा' वगैरे नको, घाई आहे.

कोपरखळी | मंगळवार, रात्री ११:५८

विषय कोणता? विद्यापीठ कोणतं? कॉलेज शहरात की गावात? निम्मी माहिती मनात ठेवून धागा काढलात. बाकीची आम्ही पंचांगात बघायची का?

निवांत नाना | बुधवार, सकाळी ६:१०

आमच्या वेळी नापास झाला की बाप शेतावर न्यायचा. पुढच्या वर्षी पोरगा आपोआप पास. हल्ली एटीकेटीने वाट लावली. सर, तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका.

बाष्पीभवन | बुधवार, सकाळी ७:०५

@कोपरखळी, रसायनशास्त्र. आयडीवरून कळेल असं वाटलं होतं. तालुक्याचं ठिकाण, संलग्न कॉलेज, नव्या धोरणाचा अभ्यासक्रम. नाव सांगत नाही.
@नाना, मी बाई आहे.

खडूफळा | बुधवार, सकाळी ८:३०

२६ वर्षं शिकवतोय, तेही बी.एस्सी.लाच. मूळ दुखणं असं की यातल्या निम्म्यांना बी.एस्सी. करायचीच नव्हती. सीईटीत जमलं नाही, मग 'घरी बसण्यापेक्षा' म्हणून प्रवेश. मुलं पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर धावतात आणि पहिल्या तासाला पेंगतात. त्यांना तुम्ही काय देणार? ७५ टक्के हजेरी कडक करा, अर्धी गर्दी सरळ होईल.

हिंदोळा | बुधवार, सकाळी ९:१२

@खडूफळा, २६ वर्षं हेच सांगताय. कधी त्यांना मराठीत शिकवून पाहिलंत? दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी, अकरावीला अचानक सगळं इंग्रजी, आणि एफवायला मास्तर पीपीटी वाचून दाखवणार. माना डोलणारच. बाई, मराठीत शिकवा, निकाल बदलेल.

खडूफळा | बुधवार, सकाळी ९:४०

आणि पेपर कुठल्या भाषेत? एम.एस्सी. कुठल्या भाषेत? मराठी परिभाषा घेऊन कंपनीत मुलाखतीला गेला तर गेटवरूनच परत. 'क्षपण' म्हणजे काय हे मला स्वतःला 'रिडक्शन' कळल्यावर कळलं.

हिंदोळा | बुधवार, सकाळी ९:५१

संज्ञा इंग्रजीच ठेवा हो, समजावणं मराठीत करा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाठ करा असं मी म्हटलं का?

अबोली | बुधवार, सकाळी १०:२०

अवांतर: माझ्या भाचीला बारावीत ६१ टक्के आहेत, तिला फार्मसी मिळेल का? कॅप राउंडचं कुणाला माहीत आहे?

कोपरखळी | बुधवार, सकाळी १०:३३

@अबोली, वेगळा धागा काढा.
@बाष्पीभवन, भाषेचं भांडण चालू द्या. ते ५४ पेपर अजून तुमच्याकडेच आहेत ना? नापास झाले ते नेमकं कुठे झाले? प्रश्नवार काढा. सगळे सगळीकडे चुकलेत की सगळे एकाच ठिकाणी?

सह्याद्रीचा वारा | बुधवार, दुपारी १:१५

'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर फुकट कोर्स आहेत, तिकडे पाठवा. क्रेडिटही मिळतात. प्रश्न संपला.

बाष्पीभवन | बुधवार, रात्री १०:४८

@सह्याद्रीचा वारा, मी टाकलेले व्हिडिओच कुणी बघत नाही, स्वयंचे कोण बघणार?

@कोपरखळी, तुमचा राग आला होता, पण जेवण झाल्यावर पेपर पुन्हा पसरले. व्याख्या बऱ्याच जणांना आल्यात, इंग्रजीतही आल्यात (पाठ करून). मार्क गेलेत ते गणितात. प्रश्न होता: २५० मिली ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण करायला किती ग्रॅम लागेल? ५४ पैकी ३७ जणांनी ०.१ गुणिले २५० गुणिले ४० (त्याचा रेणुभार) केलं आणि उत्तर लिहिलं १००० ग्रॅम. मिलीचे लिटर केलेच नाहीत, खरं उत्तर १ ग्रॅम. पाव लिटरच्या फ्लास्कमध्ये एक किलो कॉस्टिक! आणि खाली दोन रेघा मारून चौकट केलीय.

हिंदोळा | बुधवार, रात्री ११:०२

😀 हा भाषेचा प्रश्न नाही, मान्य. पण चौकटीतलं उत्तर हास्यास्पद आहे हे त्यांना जाणवलं नाही, म्हणजे 'मोलर' हा त्यांच्यासाठी नुसता मंत्र आहे. तिथे मराठी लागेलच.

उत्तरध्रुव | गुरुवार, पहाटे २:१५

मी गेली काही वर्षं अमेरिकेत विद्यापीठात गणित शिकवतो. इथे एक जुनं उदाहरण नेहमी सांगतात. १९७० च्या दशकात बर्कलीला युरी ट्राइसमनला प्रश्न पडला की कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये एवढी का मागे पडतात. प्राध्यापकांची उत्तरं तयार होती: तयारी कच्ची, घरचं वातावरण, आवड नाही. (खडूफळा सर, ओळखीचं वाटतंय?) तो मुलांच्या मागेमागे फिरला, ती अभ्यास कसा करतात ते बघत बसला. ही मुलं मन लावून करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं रात्री एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायची. मग त्याने गट पाडून बसवणं सुरू केलं. त्यात मुद्दाम अवघड गणितं दिली आणि 'कच्च्यांचा वर्ग' हा शिक्का लावला नाही. निकाल चांगलाच बदलला.

आणि 'समजलं का' विचारणं आजपासून बंद करा. दर तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यातला एक प्रश्न, पाच मिनिटं, वही मिटून, मार्क नाहीत. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवडाभराने स्वतःची परीक्षा घेणारे पुढे जातात.

खडूफळा | गुरुवार, सकाळी ८:०५

बर्कली आणि तालुक्याचं कॉलेज यांची तुलना वाचून करमणूक झाली. तिथे ऑफिस अवर असतात. इथे सीएचबीच्या बाईंना स्टाफरूममध्ये खुर्ची तरी आहे का ते विचारा.

बाष्पीभवन | गुरुवार, सकाळी ८:२०

कसं ओळखलंत? हो, तासिका तत्त्वावरच आहे. खुर्ची नाही, प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसते. जादा तासाचे पैसे धरलेलेही नाहीत, पण तो विषय नको.

मधलीआळी | गुरुवार, सकाळी ८:४४

तोच विषय हवा! जागा भरायच्या नाहीत, तासावर माणसं राबवायची आणि वर त्यांच्याकडूनच निकाल मागायचा. नेट-सेट झालेली माझी बहीण सात वर्षं…

*(मधलीआळी यांचा हा आणि यावरचे १४ प्रतिसाद 'सीएचबी: किती दिवस?' या धाग्यावर हलवले आहेत. संपादक)*

गोदाकाठ | गुरुवार, दुपारी १२:३०

बाई, एकच विचारते. जादा तास किती वाजता असतो?

बाष्पीभवन | गुरुवार, दुपारी १:०२

चारला. प्रॅक्टिकल संपल्यावर खोली मोकळी होते तेव्हा.

गोदाकाठ | गुरुवार, दुपारी १:१०

आणि मुलं कशाने येतात? एसटीने ना? परतीची गाडी किती वाजता? मी अशाच कॉलेजात शिकले, म्हणून विचारतेय. आमची गाडी चुकली की पुढची अंधार पडल्यावर. तसं एकदा झालं की दुसऱ्या दिवशी घरून कॉलेज बंद करायची भाषा.

बाष्पीभवन | गुरुवार, दुपारी २:३५

आत्ता दोघींना विचारून आले. मोठी गाडी २:१०ला, त्यानंतर थेट ५:४५ची. ज्यांची प्रॅक्टिकलं असतात ते त्या दिवशी कसेबसे थांबतात. बाकीच्यांनी माझ्या तासासाठी साडेतीन तास बसून राहायचं. मला हे माहीतच नव्हतं, मी गाडीवर येते.

त्यातली एक पुढे म्हणाली, "मॅडम, बोर्डावर नाव लागलंय ना, म्हणून पण कुणी येत नाही." नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीसाठी 'स्लो लर्नर' आणि 'ॲडव्हान्स्ड लर्नर' अशा याद्या करायच्या असतात. आमच्याकडे त्या आडनावासकट नोटीस बोर्डावर लावल्यात. खाली सही माझी.

उत्तरध्रुव | गुरुवार, रात्री ९:५०

ती यादी आधी काढा.

खडूफळा | गुरुवार, रात्री १०:१५

यादी फाइलीत राहू द्या, बोर्डावरून काढा. अहवालात 'रेमेडियल' हाच शब्द लिहा, नाहीतर परत पाठवतील. पोरांना वेगळं काहीतरी नाव सांगा. आणि टीवायची दोन-तीन हुशार पोरं धरा, एफवायची पोरं त्यांना न लाजता विचारतात. तुमच्याकडे 'कमवा आणि शिका' असेल तर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. पोरं ग्रंथालयातली धूळ झटकून तास भरतात, त्याऐवजी हे काम भरता येतंय का बघा. आमच्याकडे एक वर्ष जमलं होतं, पुढच्या वर्षी अधिकारी बदलले.

हिंदोळा | गुरुवार, रात्री १०:२१

खडूफळा सरांशी सहमत. तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

निवांत नाना | शुक्रवार, सकाळी ६:०५

बाई, सॉरी हां, सर म्हणालो. आमच्या काळी पण गाडी चुकायची, आम्ही चालत जायचो. नऊ मैल.

बाष्पीभवन | शनिवार, संध्याकाळी ५:२०

अपडेट. अहवाल दिला, दोन पानी, 'रेमेडियल' शब्द सात वेळा. यादी काढली, शिपाईकाका म्हणाले, "बरं झालं, पोरं तिथून पाणी प्यायला पण जात नव्हती."

आज १:२० ते २:००, प्रयोगशाळेत, एका टेबलाला चार जण. २८ आले. टीवायची एक मुलगी मदतीला, पैशांचं अजून काही ठरलेलं नाही. परीक्षेतलाच प्रश्न दिला. बाजारातून मिठाचा एक किलोचा पुडा आणून २५० मिलीच्या फ्लास्कशेजारी ठेवला आणि म्हटलं, तुमचं उत्तर यात घालून दाखवा. आधी हशा. मग एका टेबलावर भांडण, की चूक नेमकी कुठल्या पायरीला झाली. त्यातला एक रोज मागच्या बाकावर झोपणारा, भरतीवाला. तो म्हणाला, "मॅडम, लिटरने भागायचं म्हणजे दुधाच्या फॅटसारखंच ना?" त्याच्या घरी डेअरीचं कलेक्शन आहे. तुलना तंतोतंत नाही, पण तो आज पहिल्यांदा बोलला. २:०२ला सगळे पळाले.

२६ जण आले नाहीत. त्यांचं काय करायचं ते कळत नाहीये. काही जण तर परीक्षेनंतर कॉलेजातच दिसलेले नाहीत.

गोदाकाठ | शनिवार, संध्याकाळी ६:४०

जे आले त्यांनाच विचारा. गावात कोण कुठे कामाला लागलंय हे पोरांना माहीत असतं. फोन घरी करू नका, आधी पोरांमार्फत निरोप द्या.

तराजू | शनिवार, रात्री ८:११

सगळं ठीक, पण मुळात प्रश्नच चुकीचा आहे. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो, नेमकं वजन करून त्याचं प्रमाण द्रावण होत नाही. ऑक्झॅलिक ॲसिड घ्यायला हवं होतं. एवढ्या मोठ्या चर्चेत हे कुणाच्या लक्षात येऊ नये?

कोपरखळी | शनिवार, रात्री ८:१५

आले, रसायनशास्त्री आले.

बाष्पीभवन | शनिवार, रात्री ८:३०

@तराजू, बरोबर आहे तुमचं. ऑक्झॅलिक ॲसिडचा रेणुभार स्फटिकातल्या पाण्यासकट १२६ धरला तर ०.१ मोलर, २५० मिलीला ३.१५ ग्रॅम. सोमवारी सुरुवातीच्या पाच मिनिटांत हाच प्रश्न देते. किती जण ३१५० लिहितात ते कळवते.