फुलांइतकीच पालवीही बघा

वसंत आला की सगळे फुलांबद्दल भरभरून लिहितात, ते पटतंच. मला मात्र या दिवसांत जास्त ओढ लागते ती पालवीची. बऱ्याच झाडांची नवी पानं आधी हिरवी नसतातच. तांबूस, तुकतुकीत, हाताला मऊसूत, आणि उजेडात धरली तर शीर न् शीर दिसते. हा तांबूसपणा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. हरितद्रव्य पुरेसं तयार होईपर्यंत कोवळ्या पानाला ते कडक उन्हापासून जपतं, असं मानतात. एकच फांदी रोज न चुकता बघा, रंग पालटताना दिसतो. केवढं सुख आहे त्यात!

वसंताच्या फायद्यांचं म्हणाल तर, २० मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात आणि मग दिवस रात्रीपेक्षा मोठा होत जातो. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ ताळ्यावर राहतं, रात्री झोपही वेळेवर येते. म्हणून फिरायला सकाळीच जा. परागकणांची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र जपून. आणि पक्षी ऐकायचे असतील तर उजाडायच्या आधी उठा, तेव्हा ते सगळ्यात मोकळ्या गळ्याने गातात.