मॉरिस मायनर १०००: किंगपिन गेली की बेअरिंग?

मायनरवाला: गाडी १९५९ ची. पुढचं डावं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं की टकटक प्ले (ढिलेपणा) लागतो. बेअरिंग बदलून झाली, फरक शून्य. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खालून कट्‌ असा आवाज येतो. किंगपिन (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) आणि ट्रनियन (तिच्या वरच्या-खालच्या टोकाला आट्यांवर बसणारे सांधे) मागवायचे आहेत. दोन्ही बाजूंचे घ्यावेत का? आणि टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा, पिळला जाणारा दांडा) काढावा लागतो का?

ग्रीसगन: आधी खात्री करा. तुम्ही चाक हलवत असताना कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर हब (म्हणजे बेअरिंगची जागा), राहिला तर किंगपिन. मग टायरखाली पहार घालून उचला आणि नजर खालच्या ट्रनियनवर ठेवा. पिन ट्रनियनमध्ये वर-खाली सरकताना दिसली, तर आटे संपले. तसं असेल तर गाडी गल्लीबाहेरही काढू नका.

कारण टॉर्शन बारचा सगळा जोर लोअर आर्ममधून (चाक धरणारा खालचा आडवा हात) त्या खालच्या आट्यांवर येतो. आटे तुटले की पिन ट्रनियनमधून निसटते, चाक मुडपतं आणि मडगार्ड टायरवर बसतं. बहुधा हे गाडी लावताना, हळू वेगात होतं, एवढंच नशीब.

सेट दोन्ही बाजूंचा घ्या. डाव्या-उजव्या पिना वेगळ्या असतात, ऑर्डर देताना बाजू लिहा. ब्रिटनमध्ये नवीन मिळतात.

अर्धाइंची: टॉर्शन बार काढायचा नाही, जागेवरच राहू द्या. त्याला ओरखडा पडला तर पुढे तिथूनच तुटतो.

चॅसिसखाली स्टँड, दुसरा जॅक लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली. ट्रॅक रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) सोडवा. ब्रेकची बॅकप्लेट (ब्रेक जिच्यावर बसतो ती तबकडी) तारेने टांगा, ब्रेकच्या रबरी होजवर लटकवू नका. टाय रॉड (लोअर आर्मला पुढे चॅसिसशी बांधणारा दांडा) काढा, मग लोअर आर्मचा पुढचा अर्धा भाग. आता जॅक थोडा वर-खाली करून अशा उंचीवर आणा की खालच्या ट्रनियनच्या आडव्या पिनवर (किंगपिन नव्हे) ताण उरणार नाही. ती हलक्या हाताने मागच्या अर्ध्या भागातून बाहेर येते. त्यानंतरच जॅक सावकाश उतरवा, बारचा पीळ तेव्हा सुटतो. जॅक झटक्यात सोडलात तर आर्म खाली आदळेल. त्याच्या खाली हात नको.

जोडताना ट्रनियन किंगपिनवर पूर्ण फिरवा आणि साधारण एक आटा मागे घ्या. तळाशी घट्ट बसवून ठेवला तर पूर्ण वळणावर अडतो, आणि नवे आटे पहिल्याच आठवड्यात खराब.

मायनरवाला: रबर बुश त्याच वेळी बदलू का?

अर्धाइंची: हो. वरच्या ट्रनियनला दर बाजूला २, आयबोल्टला (लोअर आर्मचं आतलं टोक धरणारा बोल्ट) २, टाय रॉडला २. ग्रीस नको, साबणाचं पाणी चालतं. आयबोल्टचा नट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचा आवळा. आर्म लटकत असताना आवळलात तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं.

ग्रीसगन: पाने इंची एएफ (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराचं माप). अर्ध्या इंचावर १३ एमएम चढतो खरा, पण जुना गंजका नट गोल करतो.

शेवटी टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) ३/३२ इंच, म्हणजे सुमारे २.४ मिमी. आणि ग्रीस दर दीड हजार किलोमीटरला, चाक हवेत उचलून! चाक जमिनीवर असेल तर वजन पेलणाऱ्या आट्यांत ते शिरतच नाही, दुसऱ्याच बाजूने बाहेर येतं. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तर किलोमीटर मोजू नका, घरी येऊन लगेच भरा.