कार्बन-कार्बनवरचा लेप: द्रवणांकाच्या मागे धावणं थांबवा

तंतू:
कार्बन-कार्बन कंपोझिटच्या, म्हणजे कार्बनच्या तंतूंना कार्बननेच बांधून केलेल्या पदार्थाच्या, संरक्षक लेपाबद्दल हल्ली जे वाचायला मिळतं, त्यात पहिला आकडा द्रवणांकाचा असतो. हाफ्नियम कार्बाइड सुमारे ३९०० अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून तेच वापरा. मला हा सगळा रोखच चुकीचा वाटतो. लेप वितळून क्वचित जातो. तो तडकून जातो, आणि तडकतो तो भट्टीतून बाहेर येतानाच.

सिलिकॉन कार्बाइड तापल्यावर कार्बन-कार्बनच्या कितीतरी पट प्रसरण पावतं. हजार अंशांच्या वर चढवलेला लेप थंड होताना आकसू पाहतो, खालचा कार्बन मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. मग जाळीसारख्या भेगा पडतात. पुन्हा तापवलं की लेप चढवतानाच्या तापमानाजवळ त्या मिटतात, पण कार्बन तर ५०० अंशांच्या आसपासच जळू लागतो! मधल्या पट्ट्यात ऑक्सिजनला वाट मोकळी. मी स्वतः असे नमुने हवेत तापवले आहेत: ८०० अंशांना जितकं वजन घटलं, तितकं १४०० ला घटलं नाही. तिथे भेगा मिटल्या होत्या आणि वर सिलिकाची (सिलिकॉन ऑक्साइडची) काच धरली होती.

म्हणून बोरॉन आणि झिर्कोनियमची संयुगं मॅट्रिक्समध्येच, म्हणजे तंतूंना बांधणाऱ्या कार्बनमध्येच, भरा. लेप फुटला तरी आतला भाग तग धरेल.

धार:
असहमत. तुमचा ८०० अंशांचा मुद्दा खरा आहे, पण तो सगळीकडे लागू होत नाही. हायपरसॉनिक, म्हणजे आवाजाच्या पाचपटीहून वेगवान, यानाची पुढची कड घ्या. कडेची त्रिज्या चौथाई केली की तिथे येणारा उष्णतेचा मारा दुप्पट होतो. सिलिका सुमारे १७०० अंशांना वितळते. त्यातून विरळ हवेत सिलिकॉन कार्बाइड काच बनवायचंच सोडतं, सिलिकॉन मोनॉक्साइडचा वायू होऊन निघून जातं. तिथे वरचा थर टिकला नाही, तर आत काय भरलंय याला अर्थ उरत नाही.

आणि मॅट्रिक्स भरणं फुकट नसतं. भरण्यासाठी वितळलेलं सिलिकॉन आत सोडलं, तर ते शिरताना कार्बनचे तंतूही खातं. हाफ्नियम कार्बाइडची घनता १२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या वर, कार्बन-कार्बनची २ च्या आत. ज्या हलकेपणासाठी कार्बन निवडला, तोच घालवायचा?

राखाडी:
लेपावर विसंबलं की काय होतं ते कोलंबिया स्पेस शटलच्या अपघाताने दाखवलं नाही का?

धार:
नाही, ते उदाहरण इथे बसत नाही. इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा उड्डाणाच्या वेळी डाव्या पंखाच्या कडेवर आदळला आणि तिथलं कार्बन-कार्बनचं पॅनेलच फुटलं. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना त्या भगदाडातून तप्त वायू आत शिरला. कुठलाच लेप त्यापुढे टिकला नसता. सात माणसं गेली, म्हणून कारण नेमकंच सांगितलं पाहिजे.

तंतू:
बरोबर. पण शटलचीच दुसरी गोष्ट माझ्या बाजूची आहे. त्या पॅनेलांच्या लेपात सूक्ष्म छिद्रं पडत होती, आणि त्यामागे प्रक्षेपण मंचाच्या रंगातलं जस्त असल्याचं आढळलं. पावसाबरोबर ते पॅनेलवर यायचं. प्रयोगशाळेत कुणी लेपावर मंचाचा रंग टाकून बघत नाही.

नळकांडं:
दोघंही टोकाला जाताय. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनासाठी इस्रोने कार्बन-कार्बनचा नोझल डायव्हर्जंट (नोझलचा रुंदावत जाणारा भाग) बनवला, वर साधा सिलिकॉन कार्बाइडचा लेप. २ एप्रिल २०२४ च्या २०० सेकंदांच्या चाचणीत तापमान १२१६ केल्विनला, म्हणजे ९४० अंशांच्या थोडं वर गेलं. तंतू यांनी सांगितलेल्या धोक्याच्या पट्ट्यातच की! तरी चाचणी यशस्वी.

तंतू:
चाचणी उत्तम झाली, मलाही आनंदच आहे. पण २०० सेकंद म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. मी बोलतोय शंभरदा तापून शंभरदा थंड होणाऱ्या भागाबद्दल. दर फेरीत त्याच भेगांतून आणखी थोडा कार्बन जातो, लेपाखाली पोकळी होते आणि वरून काहीच दिसत नाही.

धार, तीक्ष्ण कडेबाबत तुमचं मान्य. मात्र तिथेही एकटं हाफ्नियम कार्बाइड नको. त्याच्या ऑक्सिडेशनमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि मागे उरणारा ऑक्साइड सच्छिद्र असतो. झिर्कोनियम डायबोराइडमध्ये सिलिकॉन कार्बाइड मिसळलं, तर झिर्कोनियाच्या (झिर्कोनियम ऑक्साइडच्या) सांगाड्यात काच भरून राहते.

धार:
ती काच उडून गेली की? मग उघडा झिर्कोनिया उरतो. तो ११७० अंशांच्या आसपास स्फटिकरचना बदलतो, आकारमान चार-पाच टक्क्यांनी हलतं, आणि थंड होताना थर पोपडे धरतो. तुमचं बोरॉनही तसंच. त्याच्या ऑक्साइडची काच ४५० अंशांना वितळून भेगा बुजवते, पण हजाराच्या वर उडू लागते आणि दमट हवेत पाणी ओढते. शंभर फेऱ्यांमध्ये भाग ओलही धरणार. भरलेल्या मॅट्रिक्सचे नमुने दोन फेऱ्यांच्या मध्ये दमट हवेत ठेवून तपासलेत का? तपासले असतील तर वजनाचे आकडे इथे द्या, मी माझं मत बदलायला तयार आहे.

तंतू:
कोरड्या हवेतच तपासलेत. दमट हवेत ठेवून पुन्हा करतो.