रायफलच्या बांधणीत खरी कारागिरी कुणाची?

नेमधरी:
मंडळी, दोन वर्षं झाली पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलवर सराव करतोय, आणि हल्ली गोळी कुठे लागली यापेक्षा रायफल आतून कशी बनवलीय याचंच जास्त वेड लागलंय. माउझर, विंचेस्टर, रेमिंग्टन, साको, टिक्का यांत बांधणी कुणाची सरस असं विचारलं की जो तो आपल्या आवडीचं नाव पुढे करतो आणि शेवटी गाडी 'जुनं ते सोनं' वर येते. मी एकदा फसलोय, अक्रोडाचा दस्ता बघून भुललो, पॉलिश आरशासारखं, आणि नळीच्या तोंडाची कड एका बाजूने दुखावलेली, ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा झुबका, काही केल्या बसेना. ज्यांनी रायफली उघडून बघितल्यात त्यांनी सांगा, चांगलं काम नेमकं कुठे बघायचं?

कानसवाला:
नावाआधी साल विचारा. विंचेस्टर मॉडेल ७० आली १९३६ ला, आणि १९६४ मध्ये खर्च कमी करायला कंपनीने बरंच बदललं, दस्त्यावरची जाळी कोरायची सोडून दाबून उठवली, काडतुसाची कड धरणारा माउझर पद्धतीचा मोठा पंजा काढून टाकला. लोक इतके नाराज झाले की '६४ च्या आधीची' ही वेगळी जातच पडली, आणि १९९० च्या दशकात तो पंजा परत आणावा लागला. नाव तेच होतं ना? माउझर ९८ चंही तसंच, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) लोण्यासारखा सरकतो, आणि १९४४-४५ ची हातात घ्या, पत्रा दाबून केलेले भाग, हत्यारांचे ओरखडे तसेच ठेवलेले. कारागीर तेच असतील कदाचित, पण त्यांना वेळच दिला नाही.

बोल्ट_बहाद्दर:
दादा सालाचं पटलं, पण मशीनला नावं ठेवू नका. रेमिंग्टन ७०० (१९६२) चा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा, गोल सळीतून लेथवर काढलेला, गोळी सुटतानाचा धक्का दस्त्यावर घेणारा रिकॉइल लग म्हणजे नळी आणि रिसीव्हरच्या मधे दाबलेली वेगळी चकती, सगळं स्वस्तात व्हावं म्हणूनच केलेलं, पण गोल असल्यामुळे ते लेथवर परत बांधून अगदी सरळ करता येतं आणि म्हणून कस्टम रायफली बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं तेच उचललं. टिक्काचं बघा, साकोच्याच फिनलंडमधल्या कारखान्यात बनते, नळी दोघींचीही हॅमर फोर्ज केलेली, म्हणजे आत पिळाचा साचा घालून बाहेरून हातोड्यांनी ठोकून काढलेली. पैसे वाचवलेत ते मॅगझिन प्लास्टिकचं करून आणि सगळ्या काडतुसांना एकाच लांबीचा रिसीव्हर वापरून. टिक्काच्या टी३ मॉडेलचा रिकॉइल लग ॲल्युमिनियमचा होता, त्यावर लोक बोलले, नंतरच्या टी३एक्स ला स्टीलचा दिला. काटकसर कुठे करायची हे कळणं हीसुद्धा कारागिरीच आहे असं माझं ठाम मत आहे.

दहा_पॉइंट_नऊ:
टार्गेटवाल्यांना विसरू नका. दहा मीटर एअर रायफलला दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा, तिथे ढिलं काम लपतच नाही. फाइनवेर्कबाउ १९४९ ला ओबर्नडॉर्फमध्ये सुरू केली ती माउझरमधून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी, त्यांच्या ३००एस एअर रायफलचा ट्रिगर एकदा दाबून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते.

कानसवाला:
बोल्ट_बहाद्दर, मान्य, नळीच्या बाबतीत मशीन जिंकलं. पण दोन भाग एकमेकांवर बसवायचं काम बघितलंय का कधी? जुने बंदूकवाले एका भागावर दिव्याची काजळी धरतात, दुसऱ्यावर टेकवून बघतात, जिथे काळं उमटलं तेवढंच कानशीने घासायचं, परत काजळी, परत टेकवायचं, सगळीकडे सारखं काळं येईपर्यंत. दिवसच्या दिवस जातात त्यात.
नेमधरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये बघून खात्री करा, बोल्ट बाहेर काढा, त्याच्या पुढच्या दोन लगांची, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर रिसीव्हरमध्ये अडकणाऱ्या दातांची, मागची बाजू बघा. दोन्हीकडचा रंग सारखा घासलेला हवा.

नेमधरी:
कानसवाला काका, आज क्लबमध्ये सरांसमोर एका जुन्या रायफलीचा बोल्ट काढून बघितला. एक लग घासून चकचकीत झालाय आणि दुसऱ्यावर काळा रंग जसाच्या तसा!

कानसवाला:
म्हणजे सगळा दाब एकटा लग झेलतोय. चांगल्या गनस्मिथला दाखवल्याशिवाय ती वापरू नका, आणि घरी पेस्ट लावून लग घासायच्या भानगडीत तर बिलकुल पडू नका, हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, वाढतं त्याने. काय निघालं ते इथे नक्की लिहा.