भाडं वाचवायला लांब राहायला जायचं का?

उंबरठा

नमस्कार. पुढच्या महिनाअखेरीला आमचा भाडेकरार संपतोय आणि घरमालकांनी वाढीव भाडं सांगितलंय. त्या दिवसापासून मी रोज रात्री वही उघडून बसते आणि रोज वेगळ्याच निर्णयाला येते. म्हणून इथे या मंचावर विचारतेय.

आम्ही तिघं आहोत, मी, नवरा आणि ७ वर्षांचा मुलगा. दोघंही नोकरी करतो. शहर महाग आहे, पण आमच्या दोघांच्या कामाला बाहेर वाव नाही, त्यामुळे शहर सोडायचा विचार सध्या बाजूला ठेवलाय. पगार वाईट नाहीत. नातेवाइकांत आम्ही ‘छान चाललंय त्यांचं’ या गटात मोडतो, त्यामुळे ओढाताण होते हे बोलून दाखवायचीही चोरी.

रकमा लिहिण्यापेक्षा दोघांचे हातात येणारे पगार मिळून १०० धरते. भाडं ३८. मुलाची शाळा आणि शाळेनंतरचं पाळणाघर १४. किराणा, भाजी, दूध, गॅस सगळं १७. प्रवास ६. वीज, फोन, इंटरनेट ५. दोन्हीकडच्या आईवडिलांना मिळून ८. विमा ४. बेरीज ९२. म्हणजे ८ उरायला हवेत. ते ८ मला खात्यात कधीच दिसत नाहीत. उधळपट्टी म्हणाल तर नाही. दोन वर्षांत आम्ही फिरायलाही गेलेलो नाही.

नवीन करारात भाडं ४२ होणार. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. एका भिंतीला ओल आहे. मुलाचं घडीचं टेबल त्याच भिंतीशी मावतं. अभ्यासाला बसला की वहीवर रंगाचे पापुद्रे पडतात, तो फुंकर मारून ते उडवतो आणि मग लिहायला लागतो. त्याला आता ते लक्षातही येत नाही, मला मात्र प्रत्येक वेळी पोटात तुटतं.

शहराच्या टोकाला दोन खोल्यांचं, कोरडं, उजेडाचं घर पाहिलंय. भाडं २७. म्हणजे दरमहा १५ वाचतील. दलाल म्हणाला गाडीने ५५ मिनिटं. आत्ता आम्हाला दारापासून दारापर्यंत ४० लागतात, म्हणजे १५ मिनिटांचाच फरक. नवऱ्याला हे घर पसंत आहे. मला का धीर होत नाही, हेच कळत नाहीये. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

पहाटेची गाडी

ताई, मी हे ६ वर्षं केलंय. घर खरंच छान होतं. खिडकीतून झाडं दिसायची. पण त्या खिडकीत उजेड असताना मी घरात असायचो तो फक्त रविवारी.

गाडीची ५५ मिनिटं म्हणजे तुमचा प्रवास नव्हे. घराचं दार ओढल्यापासून धरा. चालत स्टेशन, गर्दीत सोडून दिलेली पहिली गाडी, उतरल्यावर पुढची बस. आणि एखादी गाडी रद्द झाली की जवळ राहणारा २० मिनिटं उशिरा पोचतो, लांबचा दीड तास. आमच्याकडे कामावर उशिराची खूण लागायची आणि तीन खुणांना अर्धा दिवस कापला जायचा.

रात्री घरी यायचो तेव्हा मुलगी झोपलेली असायची. किल्ल्या वाजू नयेत म्हणून मी जुडगा मुठीत आवळून एकच किल्ली बाहेर काढायचो, ती सवय अजून आहे. तिचा पहिला दात पडला तो मला टेबलावर कागदाच्या पुडीत सापडला. बाजूला चिठ्ठी होती, ‘बाबा, उठवा मला.’ रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी नाही उठवलं.

चांगली बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे. त्या काळात जे थोडं साठलं त्यातूनच आईचं ऑपरेशन कुणापुढे हात न पसरता झालं. त्यामुळे ‘जाऊ नका’ असं सरसकट म्हणणार नाही. पण करारावर सही करण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी त्या घरापासून ऑफिसपर्यंत एकदा जाऊन बघा. रविवारी नको. सोमवारी.

जमाखर्च

‘भाडं पगाराच्या ३० टक्क्यांत हवं’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच, म्हणून आधी त्याबद्दल. हा आकडा काही गणिताने सिद्ध झालेला नाही. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांतल्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही असा कायदा झाला. १९८१ मध्ये ते २५ चे ३० केले. पुढे हाच आकडा सगळीकडे पसरला. त्याच्याही कितीतरी आधी, १८६८ साली, हर्मान श्वाबे या संख्याशास्त्रज्ञाने बर्लिनमधली भाडी तपासून दाखवलं होतं की उत्पन्न कमी असेल तितका भाड्याचा वाटा मोठा असतो. म्हणजे ३० टक्के भाडं देऊन एखाद्याकडे भरपूर उरेल आणि दुसऱ्याचे खायचे वांधे होतील. त्यामुळे ३८ बघून स्वतःला दोष देऊ नका.

मला उलटा हिशेब जास्त पटतो. आधी भाडं सोडून बाकी सगळा खर्च लिहा, तो १०० मधून वजा करा. जे राहील ती तुमची भाड्याची कमाल मर्यादा. तुमच्या आकड्यांनी बाकी खर्च ५४ येतो, म्हणजे मर्यादा ४६. पण ते ८ खात्यात दिसत नाहीत म्हणताय, याचा अर्थ ५४ मध्ये काहीतरी सुटलंय. ते आधी शोधा.

दुसरं, लांबची घरं स्वस्त असतात ती कुणाच्या चांगुलपणाने नव्हे. शहरांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये हे मांडलं: शहराच्या केंद्रापासून जसं दूर जावं तसं भाडं उतरतं, कारण राहणाऱ्याला तोच पैसा आणि वेळ प्रवासात भरायचा असतो. म्हणून १५ वाचतात असं धरू नका. तिथून प्रवासखर्च किती आणि पाळणाघराचे तास किती वाढतील, ते लिहा. मग बोलू.

उंबरठा

दोघांचेही मनापासून आभार. दाताच्या पुडीचं वाचून मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्याने दोनदा वाचलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

काल सोमवार होता. आम्ही दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मुलाला शेजारी ठेवलं आणि पहाटेच त्या घराच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिलो. ७ वाजून १० मिनिटांनी निघालो. स्टेशनपर्यंत चालत १७ मिनिटं, ‘पाचच मिनिटं’ सांगितली होती. पहिल्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या ऑफिसच्या दारात पोचलो तेव्हा ८ वाजून ५० मिनिटं झाली होती. १ तास ४० मिनिटं. नवऱ्याचंही ऑफिस त्याच भागात, त्यालाही तेवढीच.

आता आकडे. प्रवास ६ चा १३ होतो. पाळणाघरात मूल रोज २ तास जास्त ठेवावं लागेल, १४ चे १८. म्हणजे १५ वाचले त्यातले ११ तिथेच गेले. राहिले ४.

जमाखर्च

प्रत्यक्ष जाऊन मोजलंत, फार चांगलं केलंत.

शिकागोची सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था घर आणि प्रवास मिळून ४५ टक्क्यांपर्यंत खर्च परवडणारा धरते. त्या कसोटीवर इथे राहिलात तर ४८ आणि तिकडे गेलात तर ४०, म्हणजे लांबचं घर जिंकतं. पण त्या कसोटीत पाळणाघर नाही आणि तुमचे तासही नाहीत.

तास मांडू. जाता-येता प्रत्येकी १ तास जास्त, दोघांचे मिळून दिवसाला ४, महिन्याचे २२ दिवस धरले तर ८८ तास. त्या ८८ तासांचे मिळतात ४. नोकरीत तुम्ही दोघं साधारण ३५२ तास देता आणि मिळतात १००. म्हणजे नोकरीतल्या तासाच्या जेमतेम सहाव्या हिश्शाच्या भावाने तुम्ही हे तास देणार. त्यात सामान हलवणं, दलाली, नवी अनामत आलीच.

श्टुट्झर आणि फ्राय या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून दाखवलं होतं की लांबचा प्रवास करणारे लोक समाधानात मागे असतात, स्वस्त घर किंवा बऱ्या पगाराने ती तूट भरून निघत नाही. तुम्हाला धीर का होत नव्हता, त्याचं उत्तर कदाचित हेच असेल.

जुनी गोधडी

मी निवृत्त आहे, दोन मुलं भाड्याच्या घरांतच वाढवली. दोन गोष्टी सांगते.

तुझे ८ कुठे जातात ते सांगू? वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चात. शाळेची सत्राची फी, गणवेश, दाताचा डॉक्टर, गावाकडची तिकिटं, मोडलेला मिक्सर, घरातलं लग्न. ह्यातलं काहीही दर महिन्याला येत नाही, म्हणून महिन्याच्या वहीत बसत नाही, आणि दर महिन्याला ह्यातलं काहीतरी येतंच. गेल्या वर्षीचे सगळे असे खर्च खात्यातून शोधून काढ, १२ ने भाग आणि पगार झाला की तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात टाक. भाड्यासारखीच ती द्यायची रक्कम समज.

आणि घरमालकांशी बोललीस का? वाढ ४ ची, म्हणजे वर्षाला त्यांना ४८ जास्त मिळणार. घर एक महिना रिकामं राहिलं तर ४२ गेले. वर रंग आणि दलाली वेगळी. वेळेवर भाडं देणारं कुटुंब त्यांनाही सोडवत नसतं. भांडायला जाऊ नकोस, कागदावर हे लिहून घेऊन जा आणि दोन वर्षांचा करार मागून बघ. ओल कधीपासून आहे तेही तारखेसकट सांग.

उंबरठा

मावशी, तुम्हाला मावशीच म्हणते. शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत आम्ही वर्षभराचे व्यवहार चाळले. एकूण ६० निघाले. महिन्याला ५. म्हणजे बाकी खर्च ५४ नव्हे, ५९. भाड्याची मर्यादा ४१. ४२ ला आम्ही दर महिन्याला एकाने खड्ड्यात गेलो असतो आणि कारण कळलंच नसतं. खरं सांगायचं तर तो ५ चा आकडा बघून मला रडू आलं, पण हलकं वाटलं. इतकी वर्षं मी नवऱ्याला आणि तो मला मनातल्या मनात विचारत होता, पैसे जातात कुठे.

रविवारी घरमालकांकडे गेलो. कागद पुढे ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला, आतल्या खोलीत जाऊन काकूंशी बोलून आले. दोन वर्षांसाठी ४० वर तयार झाले. ओलीचं काम मात्र पावसाळा संपल्यावर बघू म्हणाले. ते मी करारात लिहून मागितलंय, अजून उत्तर नाही.

म्हणजे हाताशी १ राहतो. तो फार थोडा आहे, हे कळतंय. नवऱ्याने ऑफिसात सकाळी ७ ते साडेतीनची पाळी मागितली आहे. ती मिळाली तर पाळणाघर जवळजवळ बंद होईल आणि ४ तरी सुटतील. इथून ऑफिस ४० मिनिटांवर आहे म्हणूनच हे मागता आलं. साहेबांचं उत्तर शुक्रवारपर्यंत येईल.

तोवर एक काम केलंय. कपाट ओलीच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढून तिकडे नेलं आणि मुलाचं टेबल दाराशेजारी लावलं. दार आता अर्धंच उघडतं, आम्ही तिरके होऊन आत येतो. काल त्याने पूर्ण पान लिहिलं, एकदाही फुंकर न मारता.