चवदार तळ्याचा दाखला

हक्क समाज देतो, त्याआधी तो नसतोच, हा मुद्दा मला पटत नाही. महाडचं घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता. तरीही २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांना मार खावा लागला, आणि पुढे नगरपालिकेने तळं खुलं करणारा आपला ठरावच मागे घेतला. मग त्या दिवशी हक्क संपला? १९३७मध्ये हायकोर्टात बाबासाहेब जिंकले, तेही बंदीची रूढी पुरातन असल्याचं सिद्ध झालं नाही म्हणून! अंमलबजावणी माणसंच घडवतात, हे मान्य. पण समाजाने नाकारलेला हक्क अस्तित्वातच नसेल, तर महाडला लोक नेमकं काय मागत होते?