मदत हवी आहे: उंदराच्या स्तनग्रंथीत बाजूच्या फांद्या येतच नाहीत

कुंदकळी:
अंडाशय काढलेल्या माद्यांना इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजनचाच एक प्रकार) दिलं, होल माउंट (अख्खी ग्रंथी काचेवर पसरून) कार्माइन या लाल रंगाने रंगवले. नलिका लिम्फ नोडच्या (ग्रंथीतल्या लसीका गाठीच्या) पुढे गेल्यात, पण बाजूच्या फांद्या नाहीत, अल्व्हिओलाय (दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या) तर नाहीच. गाईड म्हणतात पुन्हा कर. सोमवारी मीटिंग आहे. रंग चुकतोय का? लवकर सांगा.

शिवारकर:
वय? वाण? किती दिवस दिलं? कुठली ग्रंथी? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कुंदकळी:
चौथी जोडी, सगळे तीच घेतात. वाण ब्लॅक-६. तिसऱ्या आठवड्यात अंडाशय काढले, पाचव्यापासून दोन आठवडे इस्ट्रॅडिओल.

निळावंती:
रंग ठीक आहे, नाहीतर नलिकाही दिसल्या नसत्या. प्रोजेस्टेरॉन दिलंस का?

कुंदकळी:
नाही. माझा प्रश्न इस्ट्रोजनचा आहे.

निळावंती:
अगं, मग फांद्या कशाने येतील? इस्ट्रोजनचं काम नलिका लांबवणं, ते झालंय. फांद्या आणि अल्व्हिओलाय प्रोजेस्टेरॉनकडे, पुढे प्रोलॅक्टिनकडे. १९९५ साली प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर (ते हार्मोन पकडणारं पेशीतलं प्रथिन) नसलेले उंदीर तयार केले, त्यांना दोन्ही हार्मोन देऊनही ही वाढ झाली नाही.

शिवारकर:
खरी अडचण वाणाची आहे. ब्लॅक-६ प्रोजेस्टेरॉनला थंड प्रतिसाद देतात. बाल्ब-सी घ्या, मी कायम तेच वापरतो.

निळावंती:
फांद्या कमी येतात, येतच नाहीत असं नाही. आणि वाण बदलायचा तर नैतिक समितीची मंजुरी पुन्हा कोण आणणार?

माळरान:
खाद्यात सोया आहे का? त्यातल्या फायटोइस्ट्रोजन्समुळे (वनस्पतीतले इस्ट्रोजनसारखे पदार्थ) कंट्रोल म्हणजे हार्मोन न दिलेल्या गटातही वाढ दिसू शकते.

निळावंती:
तिची तक्रार वाढ कमी असल्याची आहे, जास्त असल्याची नाही.

दुभतं_घर:
आमच्याकडे म्हशीला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, लगेच फरक पडतो. ते करून बघा.

शिवारकर:
साहेब, त्याने पान्हा सुटतो, ग्रंथी वाढत नाही. आणि म्हशीलाही ते असं देऊ नये.

कुंदकळी:
म्हणजे इस्ट्रॅडिओल बंद करून प्रोजेस्टेरॉन? डोस सांगा ना.

निळावंती:
बंद नको! प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर इस्ट्रोजनमुळेच वाढतो. दोन्ही एकत्र दे: रोज १ मायक्रोग्रॅम इस्ट्रॅडिओल, १ मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन, तेलात, कातडीखाली. आत्ताच्या स्लाइड्स फेकू नकोस, तो तुझा नुसत्या इस्ट्रॅडिओलचा गट. नुसतं तेल दिलेला गट आहे ना?